भयपटांचे कागदी अवशेष

जुन्या हिंदी चित्रपटांची भित्तिपत्रके जमविणाऱ्यांना मुंबईच्या चोर बाजारातील मटन स्ट्रीट चांगलाच परिचित आहे. मात्र तेथे गाजलेल्या चित्रपटांची पत्रके चाळताना एक प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. समीक्षकांनी ज्यांची हेटाळणी केली, त्या अल्पखर्ची भयपटांच्या साहित्याचे काय झाले?

या पंथाचे अध्वर्यू म्हणजे रामसे बंधू. त्यांचे वडील एफ. यू. रामसे यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' (१९७०) हा चित्रपट आपटला. पण मुखवटा चढविलेल्या पृथ्वीराज कपूर यांच्या चोरीच्या प्रसंगाने प्रेक्षक थरारतात, हे मुलांनी हेरले. त्यातूनच महाबळेश्वरला चित्रित झालेला 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) जन्माला आला. पुढे 'पुराना मंदिर' (१९८४) आणि 'वीराना' (१९८८) यांनी लहान शहरांतील चित्रपटगृहे गाजविली. दिग्दर्शन, छायालेखन, ध्वनी, संकलन अशी कामे भावांनी आपापसांत वाटून घेतली होती.

अशा चित्रपटांचे भित्तिपत्रक ही केवळ वापरून संपविण्याची वस्तू होती. खळ लावून ते भिंतीवर चिकटवले जाई आणि पावसात वाहून जाई. उरलेले गठ्ठे, छायाचित्रांचे संच आणि गाण्यांच्या पुस्तिका रद्दीच्या भावाने विकल्या जात. जपण्याजोगे असे त्यात कुणालाच काही वाटले नाही. साहजिकच सुस्थितीतील अस्सल प्रत आज मोलाची ठरते आणि नकलांनाही ऊत येतो.

अस्सल प्रत ओळखायची कशी? भिंगातून पाहिल्यास ऑफसेट छपाईत रंगांच्या ठिपक्यांची नियमित नक्षी दिसते. संगणकीय नकलेत ती पुसट किंवा विस्कटलेली असते. गावोगावी धाडताना पत्रकांच्या घड्या घातल्या जात. या घड्या बोटांना जाणवतात. नकलेत मात्र त्यांचे नुसते छापील चित्र असते. पुनःप्रदर्शनाच्या वेळी छापलेली पत्रकेही जुनीच असतात, पण ती पहिल्या प्रदर्शनाची नव्हेत, हेही ध्यानात ठेवावे.

मिळालेली प्रत जपताना उत्साहाला आवर घालावा. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी हे कागदाचे वैरी होत. आम्लरहित कागदात, ऊन व दमट हवेपासून दूर ठेवणे उत्तम.

पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने चित्रपटांबरोबरच भित्तिपत्रके आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जतन केल्या. परंतु रद्दीत जाणारा प्रत्येक कागद एकटी संस्था वाचवू शकत नाही. तुलसी रामसे २०१८ मध्ये, तर श्याम रामसे २०१९ मध्ये निवर्तले. सामान्य प्रेक्षक कशाला घाबरत होता आणि त्याला चित्रपटगृहाकडे कसे खेचले जात होते, याची साक्ष आता या कागदांनीच द्यायची आहे. म्हणूनच हा छंद केवळ हौशीचा राहत नाही.