मोरारजी आणि चौदा कॅरटचे सोने

महाराष्ट्रात मोरारजी देसाई हे नाव उच्चारले की अर्थशास्त्राची चर्चा थांबते आणि फ्लोरा फाउंटनची सुरू होते. ते स्वाभाविकच आहे. नोव्हेंबर १९५५ व जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत गोळीबार झाले, त्या वेळी मुख्यमंत्री तेच होते. हुतात्मा चौकातून जाताना त्यांच्या अर्थसंकल्पांचे कौतुक करणे प्रस्तुत लेखकालाही जड जाते.

तथापि ज्या आग्रही स्वभावाचा अनुभव मुंबईने घेतला, तोच स्वभाव पुढे दिल्लीच्या अर्थखात्यात कसा वावरला, हे पाहण्यासारखे आहे. चीनच्या आक्रमणानंतर जानेवारी १९६३ मध्ये त्यांनी सुवर्णनियंत्रण आणले. नवे दागिने चौदा कॅरटहून अधिक कसाचे घडवावयाचे नाहीत, असा दंडक झाला. कारणमीमांसा चुकीची नव्हती. चोरट्या आयातीतून परकीय चलन गळत होते आणि लोकांची बचत तिजोरीत निपचित पडत होती. पण मागणी ही हुकमाने आटत नाही, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. खेड्यात बँक नव्हती, विमा नव्हता. लेकीच्या अंगावरचे सोने हाच घरचा विमा होता. मोरारजींना त्यात केवळ हौस दिसली. परिणामी तस्कर निसटला आणि शेगडीपुढे बसणारा सोनार मात्र बेकार झाला. काहींनी जीव दिला. कसाची ती अट १९६६ मध्ये गेली. १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा मात्र १९९० पर्यंत रेंगाळला.

गंमत अशी की, गावोगाव बँक नेणारा निर्णय त्यांच्या मताविरुद्ध झाला. बँकांवर सामाजिक नियंत्रण पुरेसे आहे, असे ते म्हणत राहिले. १६ जुलै १९६९ रोजी त्यांच्याकडून अर्थखाते काढून घेण्यात आले आणि तीनच दिवसांनी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. (चौदा हा आकडा त्यांना लाभला नाही, असे म्हणावे काय?)

जानेवारी १९७८ मध्ये, पंतप्रधान असताना, हजार, पाच हजार व दहा हजारांच्या नोटा त्यांनी रद्द केल्या. तेव्हा मात्र ओरड मर्यादित राहिली. शिक्षक-कारकुनांच्या पगाराच्या पाकिटात त्या नोटा कधी आल्याच नव्हत्या.