मजुरी उन्हाची, माल हवेचा

आंब्याची कोय मूठभर असते आणि पन्नास वर्षांनी तिथे जे झाड उभे राहते त्याचे लाकूड टनांत मोजावे लागते. एवढे वजन आले कुठून? हा प्रश्न चांगल्या शिकलेल्या माणसांना विचारून पाहा. बहुतेक जण ‘मातीतून’ म्हणतात, काही ‘पाण्यातून’ म्हणतात, एखादा ‘सूर्यप्रकाशातून’ म्हणतो. ‘हवेतून’ हे उत्तर क्वचितच येते, आणि बरोबर उत्तर तेच आहे. प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केले, पण त्यात काय लिहिले आहे ते नीट वाचायचे राहून गेले. बांधकामात मजुरी वेगळी आणि माल वेगळा धरतात. झाडाच्या बाबतीतही तसेच आहे. प्रकाश ही मजुरी आहे, माल नव्हे. या विषयातले बरेचसे गैरसमज हे दोन हिशेब एकात मिसळल्याने झाले आहेत.

झाड माती ‘खाते’ हा समज फार जुना. सतराव्या शतकात ब्रुसेल्सजवळच्या यान बाप्टिस्टा व्हान हेल्मॉण्ट यांनी तो तपासून पाहिला. कुंडीत 200 पौंड वाळवलेली माती भरली, त्यात 5 पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाड 169 पौंडांचे झाले, माती पुन्हा वाळवून तोलली तर ती दोनेक औंसांनी कमी भरली. 1648 साली, त्यांच्या निधनानंतर, हे छापून आले. त्यांनी निष्कर्ष काढला की झाड पाण्याचेच बनते. तो चुकला, पण मातीचा दावा मात्र कायमचा निकालात निघाला.

हीच गोष्ट आपल्या चुलीतही दिसते. बाभळीचा मोठा ओंडका जळून गेला की मागे उरते ती थोडी राख: कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम असली खनिजे. मातीतून वर चढलेला मालाचा वाटा मुख्यतः हाच. मातीतून आलेला नायट्रोजन जळताना उडून जातो. तो धरला तरी वाळलेल्या लाकडात मातीचा हिस्सा शेकडा पाचाच्या आसपासही क्वचितच जातो. ओंडक्यातले बाकी सगळे हवेतून आणि पाण्यातून आले होते, ते जळताना वायू आणि वाफ होऊन परत गेले.

आता समीकरण वजनात वाचू. 264 ग्रॅम कर्बवायू आणि 108 ग्रॅम पाणी यांच्यापासून 180 ग्रॅम ग्लुकोज तयार होते आणि 192 ग्रॅम ऑक्सिजन बाहेर पडतो. त्या 180 ग्रॅममध्ये 72 ग्रॅम कार्बन, 96 ग्रॅम ऑक्सिजन आणि 12 ग्रॅम हायड्रोजन असतो. यातला कार्बन आणि ऑक्सिजन, दोन्ही कर्बवायूतून येतात. पाण्याकडून साखरेत जातो तो फक्त हायड्रोजन. म्हणजे साखरेच्या वजनाचा सुमारे 93 टक्के भाग कर्बवायूचा. आणि हा वायू हवेत असतो किती? दहा हजार लिटर हवेत जेमतेम चार लिटर. 180 ग्रॅम साखरेसाठी सुमारे साडेतीन लाख लिटर हवेतला सगळा कर्बवायू लागतो! पानाच्या पाठीवरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांतून तो रेणू-रेणूने आत येतो. सह्याद्रीतली जंगले, विदर्भातला साग, पश्चिम महाराष्ट्रातला ऊस हे सगळे एवढ्या विरळ वायूतून उभे राहते, याचे मला आजही नवल वाटते.

मग खत कशासाठी? युरिया किंवा पोटॅश हे झाडाचे ‘जेवण’ नव्हे. त्यातून झाडाला ऊर्जा मिळत नाही. नायट्रोजन प्रथिनांसाठी आणि हरितद्रव्यासाठी लागतो, हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा अणू असतो, आणि हरितद्रव्य तयार व्हायला लोह लागते. चुनखडीच्या जमिनीत उसाला लोह मिळेनासे झाले की केवडा पडतो, म्हणजे कोवळी पाने पिवळी होतात. अन्न मिळत नाही म्हणून ती पिवळी पडत नाहीत; अन्न करणारी यंत्रणाच अपुरी राहिल्यामुळे पडतात. खताची गरज खरीच आहे, पण तिचे कारण हे आहे.

‘प्रकाशाचे रूपांतर साखरेत होते’ हे वाक्य पुस्तकांतही भेटते. ते चुकीचे आहे. 180 ग्रॅम ग्लुकोजमागे सुमारे 2,800 किलोज्यूल ऊर्जा साठते. आइन्स्टाइनच्या सूत्राने तिचे वस्तुमान काढले तर ते एका ग्रॅमचा सुमारे तीन कोटींवा भाग भरते. म्हणजे साखरेच्या वजनात प्रकाशाचा वाटा शून्यच म्हणावा लागेल. प्रकाशाचे काम वेगळे आहे. हरितद्रव्यातला इलेक्ट्रॉन तो उचलून देतो, त्याची रिकामी जागा पाण्यातल्या इलेक्ट्रॉनने भरली जाते, आणि उचललेल्या इलेक्ट्रॉनच्या बळावर कर्बवायूला हायड्रोजन जोडला जातो.

इथे आणखी एक बारीक चूक होते. साखरेच्या बंधांत ऊर्जा कोंडलेली असते आणि बंध तुटले की ती बाहेर येते, असे सांगितले जाते. बंध तोडायला उलट ऊर्जा खर्च करावी लागते. ती मिळते कार्बन आणि हायड्रोजन पुन्हा ऑक्सिजनशी जोडले जातात तेव्हा. म्हणजे ऊर्जेचा साठा एकट्या साखरेत नसून, साखर आणि ऑक्सिजन एकमेकांपासून वेगळे ठेवण्यात आहे. कोळसा पाडणारे भट्टी मातीने लिंपून टाकतात ते याचसाठी: हवा तोडली की लाकूड तापते, काळे होते, पण जळून जात नाही.

आता सगळ्यात घट्ट बसलेला समज. ‘झाड कर्बवायू घेते, त्यातला कार्बन ठेवते आणि ऑक्सिजन सोडते.’ शाळेतला हायड्रिलाचा प्रयोग आठवा. चंचुपात्रात पाणवनस्पतीच्या फांद्या, वर उलटे नरसाळे, नरसाळ्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. ऊन पडले की देठाच्या कापलेल्या टोकातून एकामागून एक बुडबुडे सुटतात. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की कर्बवायू वाढतो आणि बुडबुड्यांचा वेगही वाढतो. पाहणाऱ्याची खात्रीच पटते की ऑक्सिजन कर्बवायूतून येतो. तो येतो पाण्यातून. कर्बवायू वाढला की पाण्यातून काढलेल्या इलेक्ट्रॉनना पुढे जायला जागा मिळते, म्हणून पाणी जास्त वेगाने फुटते, एवढेच.

याचे पुरावे पायरीपायरीने जमले. कॉर्नेलिस व्हान नील यांनी जांभळ्या गंधक-जिवाणूंचा अभ्यास केला. ते पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात आणि ऑक्सिजनऐवजी गंधक सोडतात. मग हिरव्या झाडांचा ऑक्सिजन पाण्याचाच असला पाहिजे, असे त्यांनी मांडले. 1930च्या दशकाच्या अखेरीस केंब्रिजच्या रॉबिन हिल यांनी पानातली हरितलवके वेगळी काढली, त्यांना कर्बवायूऐवजी लोहाचे क्षार दिले आणि प्रकाशात ठेवले. तरीही ऑक्सिजन निघाला. 1941 मध्ये सॅम्युअल रुबेन आणि मार्टिन केमन यांनी कॅलिफोर्नियात जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजन-18, असलेले पाणी शैवालाला दिले. बाहेर पडलेल्या वायूत तोच जड ऑक्सिजन सापडला.

कर्बवायूपासून साखर बनवणाऱ्या चक्राला ‘अंधारातील अभिक्रिया’ म्हणतात, आणि या नावाने असाच घोटाळा केला आहे. हे चक्र रात्री चालते, असे विद्यार्थी लिहितात. त्याला प्रकाश थेट लागत नाही, एवढाच त्या नावाचा अर्थ. ते दिवसाच चालते, आणि त्यातली काही महत्त्वाची विकरे प्रकाश असेल तरच कामाला लागतात.

रात्रीचा विषय निघालाच आहे तर पिंपळाकडे येऊ. पिंपळ आणि तुळस रात्रीही ऑक्सिजन देतात, असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. ऑक्सिजन पाणी फुटल्यावरच निघतो आणि झाडात पाणी फुटायला प्रकाश लागतो. म्हणून रात्री ऑक्सिजन सोडणारे झाड नाही: ना पिंपळ, ना तुळस, ना कोरफड. कोरफड, निवडुंग, पानफुटी, अननस रात्री एक वेगळी गोष्ट करतात. दिवसा छिद्रे उघडली तर पाणी उडून जाईल म्हणून ती रात्री उघडतात, कर्बवायू आत घेतात आणि तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात. दुसऱ्या दिवशी उन्हात तोच कर्बवायू मोकळा करून साखर बनवतात. याच्या पहिल्या नोंदींपैकी एक भारतातली आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन यांनी पानफुटीचे पान चाखले. ते सकाळी चांगलेच आंबट होते, दुपारपर्यंत चव गेलेली होती आणि संध्याकाळी किंचित कडवट लागले. 1815 मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले.

याच्या उलट टोकाची भीती म्हणजे ‘रात्री झाडाखाली झोपू नये, ते कर्बवायू सोडते’. झाडे श्वसन करतात हे खरे, आणि ती रात्रीच नव्हे तर चोवीस तास करतात. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा जोर जास्त असल्याने ते कळत नाही. पण उघड्यावर हवा सतत मिसळत असते. खोलीतल्या दोन कुंड्यांपेक्षा शेजारी झोपलेला माणूस कितीतरी जास्त कर्बवायू सोडतो. रात्री झाडाखाली जपायचे ते साप-विंचवापासून आणि वाळलेल्या फांद्यांपासून.

शेवटी, ‘झाडे लावा, ऑक्सिजन मिळवा’. पावसाळ्यात गावोगावी हा फलक लागतो. हेतू चांगला आहे, कारण मात्र चुकीचे आहे. हवेत ऑक्सिजन 21 टक्के आहे आणि कोट्यवधी वर्षांत साठलेला आहे. अॅमेझॉनसारखे जुने जंगल जेवढा ऑक्सिजन सोडते तेवढा जवळजवळ सगळा त्याच जंगलातले श्वसन आणि पालापाचोळ्याचे कुजणे वापरून टाकते. जंगलाची शिल्लक ऑक्सिजनमध्ये नसून लाकडात आणि मातीत बांधलेल्या कार्बनमध्ये असते. सावली, गारवा, जमिनीत मुरणारे पाणी आणि हा कार्बन, झाडे लावायला एवढी कारणे पुरेशी आहेत. म्हणूनच रस्ता रुंद करताना जुना वड तोडून ‘बदल्यात दहा रोपे लावू’ असे कोणी सांगितले तर त्याला वजनाचा हिशेब विचारा. टनभर वाळलेल्या लाकडात हवेतून घेतलेला सुमारे पावणेदोन टन कर्बवायू बांधलेला असतो. लाकूड जळाले किंवा कुजले की तो परत हवेत जातो, आणि तेवढा पुन्हा गोळा करायला त्या रोपांना कित्येक दशके लागतात.