तोंडी येतं, मग लिहिता का येत नाही?

“तोंडी विचारलं की घडाघडा सांगतो, लिहायला बसवलं की अडतो. आळस, दुसरं काय!” पालकसभेत हे हमखास ऐकू येतं. खरं तर तोंडी आणि लेखी यांतली हीच तफावत बघून आपण सावध व्हायला हवं.

चौथीतल्या अशा एखाद्या मुलाची वही नीट पाहा. ‘पुस्तक’चं ‘पुसतक’, ‘घर’चं ‘धर’. एकच शब्द एकाच पानावर तीन तऱ्हांनी. त्रेपन्न सांगितलं की आधी तीन ऐकू येतात, म्हणून ३५. हा निष्काळजीपणा नाही. ऐकलेला ध्वनी आणि दिसणारं अक्षर यांची सांगड मेंदूत सहज बसत नाही, त्यामुळे ओळखीचा शब्दही पुन्हा पुन्हा जुळवावा लागतो. बाकीचा वर्ग धडा संपवतो, तेव्हा हे मूल दुसऱ्या परिच्छेदातच दमलेलं असतं. वाचनातल्या अशा अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात, लेखनातल्या डिसग्राफिया आणि गणितातल्या डिसकॅल्क्युलिया. या सगळ्यांना मिळून अध्ययन अक्षमता म्हणतात; बऱ्याचदा दोन अडचणी एकाच मुलात असतात.

सर्वांत घातक गैरसमज म्हणजे ‘डोकंच कमी आहे’. अध्ययन अक्षमतेचं निदान करताना बुद्ध्यंक तपासतात; तो सर्वसाधारण किंवा त्याहून जास्तच असतो. चष्म्याने डिस्लेक्सिया जात नाही, माध्यम बदलूनही नाही. मात्र पहिलीतल्या मुलाने एखादं अक्षर उलटं काढलं म्हणून लगेच घाबरूही नये, त्या वयात ते चालायचंच.

‘मोठा झाला की सुधारेल’ म्हणत थांबण्यात मोलाची वर्षं जातात. यावर गोळी-औषध नाही. ध्वनी आणि अक्षर यांची जोडी टप्प्याटप्प्याने पक्की करून घेणारं विशेष अध्यापन हाच उपाय, आणि तो जितका लवकर सुरू होईल तितका बरा.

अशा मुलांना परीक्षेत मिळणाऱ्या सवलतींना काही जण मार्कांची खिरापत म्हणतात. हे मला अजिबात पटत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे. जादा वेळ किंवा लेखनिक मिळाला, तरी उत्तर मुलालाच यावं लागतं.

तिसरी-चौथीतलं मूल नीट शिकवूनही अडत असेल, तर आधी त्याची नजर आणि कान तपासून घ्या, मग तज्ज्ञांकडून अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्या. दहावीचा फॉर्म भरायची वेळ येईपर्यंत थांबू नका.