बोरघाटातील मजुरीचा मागोवा

लोणावळ्याहून गाडी बोरघाट उतरू लागली म्हणजे एकामागून एक जे बोगदे लागतात, ते खणणारे हात कोणाचे होते, हा प्रश्न प्रवाशाच्या मनात क्वचितच उद्भवतो. १८५६ साली आरंभ होऊन १८६३ साली सिद्धीस गेलेल्या या लोहमार्गाच्या कामावर १८६१ च्या सुमारास बेचाळीस हजार मजूर राबत होते; आणि एवढे मनुष्यबळ एकट्या मावळातून मिळणे अशक्य असल्यामुळे दूरदूरच्या मुलखांतून टोळ्या येऊन घाटात झोपड्या घालून राहिल्या, आणि त्यांतील कित्येक पटकीला बळी पडले.

परमुलखी माणसांच्या या लोंढ्याने येथल्या कुणब्याची मजुरी खचली काय? रेल्वेची कामे आणि त्याच दशकातील कापसाची तेजी यांमुळे पुणे जिल्ह्यात मजुरीचे दर उलट चढले. कारण हातांपेक्षा काम अधिक होते. मजूर नाडला गेला तो मक्तेदाराकडून: थकलेल्या रोजमुऱ्यापायी १८५९ साली घाटातील मजुरांनी दंगा केला, आणि १८६० साली मालक-मजुरांच्या तंट्यांसाठी सरकारने कायदा केला, त्यातही करार मोडणाऱ्या मजुरालाच शिक्षेची तरतूद होती.

पुढे लोणावळा परिसरातील तलावांच्या पाण्यावर १९१५ साली टाटांचे खोपोलीचे वीजगृह चालू झाले, आणि १९२१ साली टाटांच्याच धरणाविरुद्ध मुळशी पेट्यात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तो जमिनीसाठी. ज्याची भातखाचरे पाण्याखाली गेली, त्याला मजुरीच्या बाजारात उभे राहण्यावाचून गत्यंतर उरले नाही. शिवाय मावळची माणसेही पोटासाठी मुंबईस गेली, आणि १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या डबेवाल्यांच्या धंद्यात स्थिरावली. तेथे परके तेच होते.

आज तळेगावच्या कारखान्यांत आणि गुलाबांच्या हरितगृहांत बिहार, झारखंड, ओडिशाचे मजूर आहेत. त्यांच्यासाठी खोल्या बांधणाऱ्या ग्रामस्थाला भाडे मिळते. पण मुकादम त्यांना कमी दराने राबवू शकतो, तोवर भूमिहीन झालेल्या मावळी तरुणाचा दरही खालीच ओढला जातो. समान कामास स्थानिकाइतकेच वेतन, हे तत्त्व १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित मजुरांच्या कायद्याने स्पष्ट नमूद केले होते. म्हणून मावळच्या ग्रामसभांनी आणि कामगार संघटनांनी परप्रांतीयाच्या हजेरीपटावर पुरती मजुरी लिहिली जाते की नाही, याची चौकशी आपली मानून करावी. त्याची मजुरी राखली गेली, तरच आपलीही राखली जाईल.