१९६१ पूर्वीचा पुरावा

मे महिना. सकाळचे साडेदहाच वाजलेत, तरी करमाळ्याच्या एसटी स्टँडवर सावलीसाठी माणसं सरकून सरकून बसलीत. जेऊरहून आलेली गाडी फलाटाला लागते. रेल्वेनं आलेले, उजनीकाठच्या गावांतून आलेले, केळीच्या बागांत मजुरी करणारे, सगळे एकदम उतरतात. धूळ उडते. रसवंतीचे घुंगरू वाजत असतात. उतरलेल्यांपैकी बरेच जण तहसील कचेरीची वाट धरतात. हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत घड्या पडलेले कागद. मी त्यांच्या मागून चालतो.

आवारात लिंबाखाली मुद्रांकविक्रेत्याचं टेबल आहे. शेजारी अर्ज लिहून देणारा, पलीकडे झेरॉक्सचं यंत्र. यंत्र गरम होऊन थांबतं, लोकही थांबतात. जून तोंडावर आलाय. शाळा, कॉलेज, वसतिगृह, शिष्यवृत्ती, सगळीकडे जातीचा दाखला लागतो. खिडकीपुढची रांग व्हरांडा ओलांडून उन्हात आली आहे. ज्यांना ऊन सोसत नाही त्यांनी रांगेत चपला ठेवल्यात आणि स्वतः भिंतीला टेकलेत. चपलांचा नंबर कुणी मोडत नाही.

"सर्व्हर डाऊन हाय, थांबा जरा," आतून आवाज येतो. रांग जागच्या जागी खाली बसते.

माझ्या पुढं एक म्हातारी आणि तिची नात. कैकाडी समाजातल्या. घरात अजून टोपल्या विणतात. नात बारावी झाली आहे, नर्सिंगला जायचं म्हणते. तिच्या फायलीत स्वतःचा शाळेचा दाखला आहे, वडिलांचा आहे. आजोबांचा नाही. आजोबा शाळेत गेलेच नव्हते.

रांगेतला प्रत्येकजण एक तारीख पाठ म्हणतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१. त्या दिवसाच्या आधी आपलं कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं, याचा कागद दाखवायचा. जमिनीचा उतारा, शाळेची नोंद, जन्ममृत्यूची नोंद, काहीतरी.

"जमीन कुठली बाबा," म्हातारी म्हणते. "आमचं बिऱ्हाड गाढवावर."

पाणी पिऊन ती पदरानं तोंड पुसते आणि आपणहून सांगू लागते. "माझी आय सोलापूरला तारंत व्हती. भोंगा झाला की गिरणीत. सुटली की परत तारंत. हजेरी द्यायाची. बाहीर जायाचं तर पास. चुलत्याच्या मौतीला जायाला पास मिळाला न्हाई, हे ती मरूस्तवर सांगायची."

तारेत, म्हणजे सेटलमेंटमध्ये, गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना कोंडून ठेवायच्या वसाहतीत. इंग्रज सरकारनं १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ नंतर मुंबई इलाख्यात आला, १९२४ साली आणखी आवळला गेला. कायदा जमातीला लागायचा, त्यामुळे मूल जन्मतःच संशयित ठरायचं. नोंदवहीत नाव, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी. आईबापांपासून मुलं वेगळी काढून ठेवण्याचीही त्यात सोय होती. नोंदलेल्या माणसाला ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान ७ वर्षं, तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप. सोलापूरच्या सेटलमेंटला काटेरी तारेचं कुंपण होतं, आतली माणसं कापडगिरण्यांत राबत होती. तो भाग आजही सेटलमेंट फ्री कॉलनी म्हणूनच ओळखला जातो. टपाल त्याच पत्त्यावर येतं.

"आणि सासरचे?" मी विचारतो.

"सासरा तारंत न्हाई गावला. फिरतीवर असायचा. रातचं पाटलाकडं हजेरी लागती म्हणून गाव आलं की नाव बदलायचा. एका गावात जाधव, दुसऱ्या गावात गायकवाड. त्यामुळंच जगलो आम्ही."

नात मान वर करते. हे तिनं आधीही ऐकलेलं असणार. फायलीतली वंशावळ ती पुन्हा उघडते. वडिलांचं आडनाव एक, आजोबांचं दुसरं. जुळत नाही म्हणून मागच्या वेळी अर्ज परत आला होता.

रांग चार पावलं सरकते. पाठीमागं पारध्याचा एक पोरगा उभा आहे, विशीतला. सासऱ्याच्या पालावरून आलाय. बोलताना तो आजूबाजूला बघतो. "गावात चोरी झाली की गाडी आधी आमच्याकडं येती," तो म्हणतो. "आम्ही असतो तर धरत्यात. नसलो तर, पळाले म्हणत्यात."

देश स्वतंत्र झाला तेव्हा सुमारे १२७ जमाती गुन्हेगार जमाती कायद्याखाली होत्या. मुंबई प्रांतानं १९४९ साली तो रद्द केला. देशभरातून तो गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, स्वातंत्र्यानंतर ५ वर्षं १६ दिवसांनी. पाठोपाठ सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे आले. आपल्याकडे १९५९ साली. त्यांत जमातीचं नाव नाही. पण चौकीतल्या जुन्या सवयीला नाव लागत नाही.

साडेबारा. पत्रे तापलेत. व्हरांड्यातला पंखा फिरतो, पण त्याचा वारा रांगेपर्यंत पोचत नाही. कुणी भाकरी सोडतं. लसणाच्या चटणीचा वास सुटतो. म्हातारी नातीला अर्धी भाकरी देते, उरलेली पारध्याच्या पोरापुढं धरते. तो आधी नको म्हणतो, मग घेतो.

भाकरी मोडणारे तिचे हात मी बघतो. उजव्या अंगठ्याच्या पोटाला बारीक चिरा आहेत, काही जुन्या, काही ओल्या. निरगुडीच्या काड्या सोलून, वळवून, ओढून पडलेल्या. ठशाच्या रेघा जवळजवळ राहिलेल्याच नाहीत. रेशनच्या दुकानातलं यंत्र हा अंगठा घेत नाही. तीन-तीनदा पुसून लावावा लागतो. तिच्या आईचा अंगठा सरकारच्या वहीत होता.

अभिलेख कक्षाच्या दाराशी मी जरा थांबतो. आत लोखंडी मांडण्या, त्यांवर लाल फडक्यात बांधलेली दप्तरं. एका शेतकऱ्यासाठी कोतवाल बुक काढलंय. पानं पिवळी, कडा खाल्लेल्या, अक्षर मोडी. मोडी जाणणारे एक गृहस्थ बोट धरून वाचतात. शेतकऱ्याच्या पणज्याचं नाव सापडतं. तो हात जोडतो. ज्याचं घर एका जागी राहिलं, त्याचा पणजा या दप्तरांत सापडू शकतो. ज्यांची लेकरं वाटेवर जन्मली, पुढच्या मुक्कामाला निघताना मागं पुरावी लागली, त्यांची नोंद कोणत्या गावच्या कोतवालानं करायची? ज्या गुणांवर माणसं तगली, फिरत राहणं, नाव बदलणं, वहीत न सापडणं, तेच आज खिडकीवर आडवे येतात.

दीड वाजता सर्व्हर चालू होतो. रांग उठते, चपला पायांत जातात. नात खिडकीशी पोचते. कारकून कागद चाळतो. तोही सकाळपासून घामानं निथळतोय. आवाजात तोरा नाही.

"ताई, एकसष्टच्या आधीचं काहीच नाही यात."

"भाऊसाहेब, पणजी सेटलमेंटला होती. तिचे ठसे घेतले होते सरकारनं. ती वही सरकारकडंच असेल ना? मग आम्ही कुठं शोधायची?"

कारकून थांबतो. मागची रांगही गप्प होते. तो चष्मा काढतो. "ते माझ्या हातात नाही. पण गृहचौकशीसाठी अर्ज करा. कागद नसले तर घरी येऊन चौकशी करतात, पंचनामा होतो, त्यावर दाखला देता येतो. तरतूद आहे."

"मागच्या वेळी का नाही सांगितलं?"

त्याच्याकडं उत्तर नाही. तो कोरा कागद पुढं सरकवतो.

ती तिथंच, खिडकीच्या कट्ट्यावर, अर्ज लिहिते. अक्षर ठसठशीत. आजोबांची दोन्ही आडनावं लिहिते, बदलल्याचं कारणही लिहिते. म्हातारी विचारते, "ते कशाला लिवलं?" नात म्हणते, "खरं हाय म्हणून."

कारकून अर्ज ठेवून घेतो, पुढच्याला हाक मारतो. ती जागेवरून हलत नाही.

"पोच द्या."

"मिळेल नंतर."

"आत्ता द्या. तारीख घाला, सही करा, शिक्का मारा."

पारध्याचा पोरगा मागून पुढं झुकून बघतो. कारकून दुसरी प्रत ओढतो, शिक्का शाईत दाबतो आणि मारतो. नात तारीख वाचून बघते. मग त्या पोराकडं वळून सांगते, "तूबी घे. पोच घेतल्याबिगर जाऊ नको."