झाड न तोडता औषध? एका झाडाला जमलं, नरक्याला नाही

आजचा प्रश्न सरळ आहे. झाडातलं औषध हवंय, पण झाड तोडायचं नाही. जमेल?

मूळचे नंदुरबारचे रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी यांनी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासोबत कॅन्सरवरच्या औषधांसाठी दोन मोठी द्रव्यं शोधली. १९६६ साली कॅम्प्टोथेसिन आणि १९७१ साली टॅक्सॉल. (आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत नाही, हे मला खटकतं.)

टॅक्सॉल मिळायचं पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून. साल काढली की झाड मरतं, आणि हे झाड वाढतंही फार सावकाश. म्हणून मग पेशी वाढवायचा मार्ग आला. झाडाचा छोटा तुकडा निर्जंतुक करून साखर, क्षार आणि संप्रेरकं घातलेल्या आगारवर ठेवायचा. काही आठवड्यांत त्यावर पेशींचा भुसभुशीत गोळा येतो, त्याला म्हणतात कॅलस. ना पान, ना मूळ. तो द्रवात सोडायचा, हलवत ठेवायचा आणि मग मोठ्या टाक्यांत वाढवायचा.

आता खरी मेख. टॅक्सॉल हे झाडाचं बचावाचं हत्यार. टाकीत खाऊनपिऊन सुखात असलेल्या पेशी ते कशाला बनवतील? म्हणून त्यांना मिथाइल जॅस्मोनेट देतात. जखम झाली की झाड स्वतःच जो इशारा देतं, त्यातलंच हे रसायन. थोडक्यात, पेशींना खोटंच घाबरवायचं! मग टॅक्सॉलचं प्रमाण चांगलंच वाढतं. आज हे औषध टाक्यांमधूनही व्यापारी प्रमाणावर तयार होतं.

कॅम्प्टोथेसिन आधी एका चिनी झाडात सापडलं, पण ते आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही भरपूर असतं. टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं त्यापासूनच बनतात. नरक्याचा कॅलसही प्रयोगशाळेत वाढतो, पण त्यात द्रव्य अगदीच नाममात्र उतरतं. घडण नसलेल्या पेशींना हे काम पेलत नाही, त्यांना मुळासारखा अवयव लागतो असं दिसतं. म्हणून संशोधक एका जिवाणूच्या मदतीने केसाळ मुळं वाढवतात. ऑफिओरायझा नावाच्या छोट्या वनस्पतीची अशी मुळं तर हे द्रव्य बनवून भोवतालच्या पाण्यात सोडतातही. पण चंचुपात्रातली मुळं हजारो लिटरच्या टाकीत नेली की गुंतून बसतात, मधल्या मुळांना हवा पोचत नाही.

तोवर लाकूड येतं ते झाडातूनच, आणि सह्याद्रीत नरक्याच्या चोरट्या तोडीच्या बातम्याही येत असतात.