कॅप्टन व्योम आणि नांदगावची पडवी

कोणत्याही अपरिचित कलाकृतीला प्रेक्षकाकडून मिळणारी पहिली दाद ही बहुतांशी त्या प्रेक्षकाच्या पूर्वसंस्कारांची कैफियत असते, या विधानाचा रोकडा दाखला मला मिळाला तो १९९८ साली, कणकवली तालुक्यातील नांदगावी, दूरदर्शनवरील ‘कॅप्टन व्योम’ या विज्ञानमालिकेचा पहिला भाग पाहण्यासाठी आमच्या आप्तांच्या पडवीत जमलेल्या मंडळींमध्ये बसून.

देवगडचा रस्ता जेथे मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो त्या तिठ्यापासून आत गेलेली ही वाडी. त्याच वर्षी जानेवारीच्या २६ तारखेपासून कोकण रेल्वेची वाहतूक रोह्यापासून मंगळूरपर्यंत सलग सुरू झाली होती, आणि नांदगाव रोड स्थानकावर नुसती गाडी बघायला जाणारी माणसे अजून होती. घरातला संच मुंबईच्या चाकरमान्याने आणून दिलेला, कृष्णधवल; आणि त्यावर चित्र उमटविणे हे एकट्याचे काम नव्हते. खळ्यात उभ्या केलेल्या अँटेनाच्या उंच काठीपाशी एक जण, दारात निरोप्या म्हणून दुसरा, आणि संचासमोर निवाडा देणारा तिसरा, अशी त्रिस्थळी योजना असे. ‘इलां?’ असा खळ्यातून प्रश्न, ‘मुंगयो दिसतत, जरा डावीकडे’ असा आतून हुकूम, ‘इलां, इलां’ असा जल्लोष आणि काठीवरचा हात सुटताच ‘गेलां!’ असा आक्रोश. या क्रमाने शेवटी चित्र स्थिरावले, तेव्हा काठी धरणाऱ्या मुलाला तिथेच उभे राहून खिडकीतून मालिका पाहण्याची शिक्षा सर्वानुमते मुक्रर झाली.

केतन मेहता यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत व्योमची भूमिका मिलिंद सोमण यांची होती. कथेचा पाया तसा सोपा: दूरच्या भविष्यकाळी कडेकोट बंदोबस्तातून बारा भयंकर गुन्हेगार निसटतात आणि त्यांना पुन्हा जेरबंद करण्याची कामगिरी व्योमवर सोपविली जाते. परंतु हा पाया हिंदीत घातलेला, आणि समोर बसलेल्यांपैकी वृद्धांना हिंदीचा सराव बेताचा; म्हणून शाळकरी नातवाकडे दुभाष्याचे काम आले. त्याचे ते भाषांतर मी मालिकेपेक्षा अधिक लक्ष देऊन ऐकले. यानाच्या कळा, पडदे, दिवे यांचे वर्णन करण्याच्या भरीस तो पडलाच नाही. कोण कोणाचा वैरी, कोणाचा हुकूम कोणावर चालतो, एवढेच तो सांगत गेला. अधिकारी दिसला की ‘ह्यो जगाचो कलेक्टर’. बारा इसम पळाल्याचे कळताच आजीने, ‘मगे पहारेकरी खंय होते?’ असे विचारले. आणि हा प्रश्न इतका रास्त होता की दुभाष्याला त्याचे उत्तर मालिकेच्या वतीने देता आले नाही.

मला वाटले होते, विमानतळही न पाहिलेल्या या माणसांना अंतराळयानाचे अप्रूप वाटेल. तसे झाले नाही. दशावतारी नाटकाच्या जाहिरातींतील ‘ट्रिकसीनयुक्त’ हे विशेषण ज्यांच्या परिचयाचे, त्यांनी यानाचे उड्डाणही ‘ट्रिकसीन बरो आसा’ एवढ्या एका वाक्यात निकालात काढले. त्यांची तक्रार निराळीच होती. जत्रांच्या हंगामात वालावलकर, पार्सेकर, मोचेमाडकर अशा मंडळांची नाटके रात्रभर जागून पाहण्यात ज्यांचा जन्म गेला, असे एक वृद्ध गृहस्थ खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, ‘झिला, ह्यो राजा बोलणा कित्याक नाय?’ दशावतारात लिखित संहिता नसते. कथासूत्र ठरते आणि संवाद नट रंगभूमीवरच रचतो, त्यामुळे राजाचे राजेपण मुकुटावरून नव्हे तर वाणीवरून पारखले जाते. अशा कसोटीवर वाढलेल्या माणसाला मोजके बोलणारा, डोळ्यांनीच काम भागविणारा नायक अपुरा वाटावा, यात अडाणीपणा तर नाहीच, उलट एक परिपक्व रसिकता आहे असे मी मानतो.

पडवीत एक निवृत्त गुरुजीही होते. जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविली होती, ही हकीकत ते विद्यार्थ्यांना आवर्जून सांगत. त्यांनी शास्त्रीय हरकत नोंदविली: अंतराळात हवा नाही, ध्वनीला वाहून नेणारे माध्यमच नाही, तेव्हा यानाचा हा घरघराट ऐकू येतो कसा? हरकत निर्विवाद होती. तरीही खांबापाशी बसलेल्या गृहस्थांनी विचारले, ‘गुरुजी, आवाज नसलो तर लढाई कशी रंगतली? मृदंग नको?’ दशावतारातल्या युद्धात तलवारी क्वचितच एकमेकींना भिडतात. युद्ध उभे राहते ते मृदंगावर आणि झांजेवर, आणि तो नाद रणांगणाचा नसून प्रेक्षकांसाठी आहे हे तेथील लहान मुलालाही उमगलेले असते. गुरुजी काही वेळ विचारात पडले. भौतिकशास्त्र गुरुजींच्या बाजूचे होते, यात संशय नाही. पण पडद्यावरचा ध्वनी नेमका कोणासाठी असतो, या प्रश्नाची इतकी नेमकी मांडणी मी त्यापूर्वी ऐकली नव्हती.

भाग संपला तो कथेला कोठे वेग येतो न येतो तोच. शहरातला प्रेक्षक अशा वेळी मालिकेला संथ ठरवून मोकळा होतो. येथे मात्र कोणी तसा निर्णय दिला नाही. कारण गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती यांचे आगमन आणि वेद चोरणाऱ्या संकासुराचा विष्णूकडून वध, एवढा सारा आडदशावतार यथासांग झाल्याखेरीज दशावतारात मुख्य आख्यान सुरूच होत नाही, ही शिस्त त्यांच्या अंगी मुरलेली. ‘आज आडदशावतार झालो, आख्यान फुडे आसा,’ हा त्यांचा अभिप्राय. आणि पहिल्या भागाकडे पाहण्याची याहून न्याय्य रीत मला तरी ठाऊक नाही.

त्यांना पटली नाही ती एकच गोष्ट, आणि त्या बाबतीत कोणीच नमते घेईना. आडदशावतार आणि आख्यान यांच्यामध्ये आठ दिवसांचे अंतर असावे, हा व्यवहार त्यांच्या हिशेबात बसत नव्हता. रात्री सुरू झालेला खेळ पहाटे दहीकाल्याने संपलाच पाहिजे. ‘बारा जण पकडूचे, आणि आठवड्याक एकच तुकडो,’ आजी म्हणाल्या, ‘तोवर आमी ऱ्हवतलों?’ नातवाने त्यांना पुढच्या खेपेस पुन्हा सारे समजावून सांगण्याचे वचन दिले, आणि काठी धरलेल्या मुलाने आपली पाळी बदलून मिळावी अशी मागणी खिडकीतूनच पुढे केली.